आभाळातून उतरलेली पाहुणी

उन्हाळ कांदा काढणीला आला की आमच्या मळ्यातली हवाच बदलून जाते. मार्च सरताना पात पिवळी पडून आडवी होते, वाफे कोरडे पडतात, आणि बायका रांगेनं बसून कांदे उपटायला लागतात. उपटायचे, पात कापायची, पाटी भरायची, ढीग लावायचा. सकाळचं ऊन कोवळं असतं तोवर गाणी-गप्पा चालतात. अकरा वाजले की फक्त विळ्यांचा आवाज. कांद्याचा वास हाताला लागतो, केसांत शिरतो, धुतलेल्या पातळाला येतो. माझं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. लग्न होऊन देवळ्याला आले तेव्हा हा वास मला नकोसा होई. आता मार्चमध्ये तो आला नाही तर चुकल्यासारखं होईल.

पण ह्या वासाबरोबर आणखी एक गोष्ट येते, तिला वीस वर्षं होत आली तरी चुकत नाही. मला रेवती आठवते. प्रेमानं आठवते असं म्हणता येणार नाही. मला तिचा हेवा वाटला होता. नुसता वाटून राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. त्या हेव्यापोटी मी जे केलं, ते मी आजवर कोणाजवळ बोलले नाही.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. हे देवळ्याच्या शाळेत शिक्षक. त्या वर्षी शाळेचा रौप्यमहोत्सव होता आणि कोणाच्या तरी डोक्यातून कल्पना निघाली की छत्रीधारी बोलवायचे. विमानातून उडी मारून शाळेच्या मैदानात उतरणारी तीन माणसं. सैन्यातून निवृत्त झालेले एक उस्ताद, एक अबोल तरुण, आणि एक मुलगी. हे तिघं गावोगाव फिरत. कुठे महोत्सव, कुठे मोठी जत्रा. नाशिककडच्या धावपट्टीवरून छोटं विमान घ्यायचं, गावावर यायचं आणि उड्या मारायच्या. शुक्रवारी सराव आणि रविवारी कार्यक्रम असं ठरलं होतं. पुरुषांची सोय शाळेच्या वर्गात झाली. मुलीला कुठे ठेवायचं, हा प्रश्न निघाला तेव्हा हे म्हणाले, "आमच्याकडे राहील."

बुधवारी दुपारी जीप मळ्यात आली. जीपमधून पाठीवर भलंमोठं गाठोडं घेऊन ती उतरली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची. सावळी, उंच, केस मानेपर्यंत कापलेले, अंगात पँट आणि पुरुषी सदरा. मी दारातून पाहिलं आणि पहिला विचार आला तो असा की आता जिजी हिला काय म्हणतील.

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. मी एकदा डोक्यावरचा पदर खाली घसरलेला असताना पाहुण्यांसमोर चहा घेऊन गेले तर आठ दिवस बोलल्या नव्हत्या. आणि आबा, माझे सासरे, त्यांच्याबद्दल काय सांगू? गावातल्या बालवाडीत शिकवायला जाऊ का म्हणून विचारलं होतं, तेव्हा त्यांनी वर न बघता सांगितलं, "आपल्या घरच्या बाया कामाला जात नाय." यांची सायकल घेऊन मळ्याच्या रस्त्यावर एक फेरी मारली, त्याचीही चर्चा झाली होती.

रेवती ओट्यावर आली. वाकून दोघांच्या पाया पडली. जिजींनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "इमानातून उडी मारतीस? तुले भ्याव नही वाटस का वं?" जिजींचं माहेर बागलाणात आतल्या बाजूला. घरात त्या अर्धी अहिराणी, अर्धी मराठी बोलत.

"वाटते की भीती," रेवती म्हणाली. "दारात उभी राहिले की पोटात गोळा येतो. मग उस्ताद ओरडतात आणि मी जाते."

जिजी खळखळून हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना तशा हसताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पुरुषांची ताटं वाढली. मी आतून पोळ्या देत होते. आबा म्हणाले, "रेवतीबाई, तुम्ही पण बसा आमच्यासंगं." आणि ती बसली. आबांच्या शेजारी, मांडी घालून. आबा तिला विचारत होते, वारा कसा ओळखता, छत्री उघडली नाही तर काय, दुसरी असते का. ती हातवारे करून सांगत होती. मी चुलीपुढून ते बघत होते. वाफेनं चेहरा भाजत होता, पण आतली आग चुलीची नव्हती.

गुरुवारी सकाळी जिजींनी तिला ओट्याच्या पायरीवर बसवलं आणि तिच्या डोक्याला तेल घातलं. "किती कोरडे केस झाले गं माय, आभाळातल्या वाऱ्यानं," असं म्हणत बोटं फिरवत होत्या. रेवती डोळे मिटून बसली होती. मी कांद्याच्या ढिगाकडे पाणी घेऊन चालले होते. कळशी डोक्यावर घेऊन मी उगाच थांबले. माझ्या केसांना ह्या घरात कोणी हात लावला नव्हता. मी मागितलंही नव्हतं, हे खरं. पण मागायचं सुचावं तरी कसं?

मत्सराबद्दल लोक बोलतात ते मला कधी पटत नाही. म्हणतात, दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही म्हणून माणूस जळतो. माझं दुःख तसं नव्हतं. पँट घालणारी, परक्या पुरुषांबरोबर गावोगाव हिंडणारी मुलगी ह्या घराला चालत नाही, असं मी धरून चालले होते. त्या समजुतीवर मी दोन वर्षं काढली होती. हे घरच असं आहे म्हणून मी गप्प बसले होते. आणि आता दिसत होतं की घराला सगळं चालतं. फक्त माझं चालत नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. नाशिकला कॉलेजात असताना मी एन.सी.सी.त होते. शेवटच्या वर्षी आमच्या बटालियनमधून पॅराशूटच्या शिक्षणासाठी दोन मुली निवडल्या गेल्या, त्यांत मी एक. आग्र्याला जायचं होतं. महिनाभर मैदानावर आम्ही लाकडी चौथऱ्यावरून उड्या मारायचा सराव केला. पावलं जुळवून, गुडघे किंचित वाकवून पडायचं आणि कुशीवर लोळायचं. पत्र आलं त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं. वडिलांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "आता कशाला?" ते रागावले नव्हते. मीही रडले नाही. प्रश्न इतक्या साध्या आवाजात विचारला होता.

सासरी हे कोणाला माहीत नव्हतं. यांनाही एन.सी.सी.पुरतंच ठाऊक होतं.

शुक्रवारी सकाळी तिघं जीपनं गेले आणि दहाच्या सुमाराला आभाळात घरघर ऐकू आली. कांद्याच्या रांगेतल्या सगळ्या बाया उभ्या राहिल्या. धोडप किल्ल्याच्या बाजूनं विमान आलं, एक फेरी मारली, दुसरी मारली आणि मग त्यातून तीन ठिपके सुटले. "पडलं! पडलं!" कोणीतरी किंचाळलं. लाल, पिवळी आणि निळी छत्री उघडली. दोन छत्र्या मैदानाकडे गेल्या. पिवळीला वाऱ्यानं ढकललं. ती मधली दोन शेतं ओलांडून आमच्या शिवेकडे यायला लागली, मोठी होत गेली, आणि रेवती आमच्याच वाफ्यांत, काढून ठेवलेल्या कांद्यांच्या पलीकडे उतरली. पावलं जुळलेली. गुडघे वाकलेले. कुशीवर लोळून ती उठली तेव्हा मातीनं माखली होती आणि हसत होती.

बाया धावल्या. आबा धोतर सावरत धावले. आबा! ज्यांना मी कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातलं कापड गोळा करायला मदत केली. मी जागची हलले नाही. माझे गुडघे आपोआप वाकले होते, ते माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही.

त्या दुपारी तिनं पडवीत छत्री पसरली आणि मला हाक मारली. "वहिनी, जरा हे टोक धराल?"

मी धरलं. ती सांगायच्या आत दोऱ्या वेगळ्या करायला लागले. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "तुम्ही हे कुठे शिकलात?"

मग मी सांगितलं. आग्र्याचं, पत्राचं, सगळं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगत होते. ती घडी घालायची थांबली. मग तिनं तिचं सांगितलं. तिचंही लग्न झालं होतं, विसाव्या वर्षी, सांगलीकडे. आठ महिन्यांत ती परत आली. पण माहेरीही कोणी धड ठेवून घेतलं नाही. कोर्टातून सुटका व्हायला चार वर्षं गेली. एका शिबिरात उस्तादांनी तिला पाहिलं आणि मुलीसारखं शिकवलं.

"कोणाला सांगू नका वहिनी," ती म्हणाली. "लोकांना कळलं की दारं बंद होतात. मग मला वर्गात बाकावर झोपावं लागतं."

"नाही सांगणार," मी म्हणाले. आणि त्या क्षणी ते खरं होतं.

शनिवारी सकाळी आबांचे दोन-तीन मित्र खास तिला बघायला आले. ओट्यावर बैठक जमली. मी चहा घेऊन गेले. आबा सांगत होते, "काल आपल्या वाफ्यात उतरली. आपल्या घरात अशी एक पोर असती ना, तर मी गावात छाती काढून हिंडलो असतो."

रेवतीनं माझ्याकडे पाहिलं. तिला बिचारीला चांगलंच करायचं होतं. ती म्हणाली, "आहे की आबा. वहिनी आग्र्याला जाणार होत्या उड्या मारायला. निवड झाली होती त्यांची."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आबा हसले. "हिची? ही विहिरीत वाकून बघायला भिते!"

सगळे हसले. हेही हसले. वाईट हेतूनं नाही, आपलं सगळे हसले म्हणून. मी ट्रे उचलला आणि आत आले. विहिरीचं खरं होतं. नवी आले होते तेव्हा विहीर बघून घाबरले होते. तिला कठडाच नव्हता.

मला आबांचा राग यायला हवा होता. यांचा यायला हवा होता. पण राग अशा माणसांवर निघत नाही, ज्यांच्याबरोबर उद्या जेवायचं असतं. तो रेवतीवर निघाला. दोन वर्षं जपून ठेवलेली माझी एकमेव गोष्ट तिनं चहाबरोबर ओट्यावर मांडली आणि तिचं हसं झालं.

दुपारी जिजी आणि मी कडुनिंबाखाली कांद्याची पात कापत बसलो होतो. जिजी तिचंच कौतुक करत होत्या. म्हणाल्या, "हिचा बाप नशीबवान. अशा पोरीले कसं स्थळ भेटंल बघ, मोठ्या घरचं."

मी विळा न थांबवता म्हणाले, "झालंय तिचं लग्न. नवऱ्याला सोडून आलीये. कोर्टकचेरी झाली."

बस, एवढंच. तीन वाक्यं.

जिजींचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "तुला कोण बोललं?"

"तीच."

जिजींनी परत कांदा उचलला. मला वाटलं होतं, बरं वाटेल. थोडा वेळ वाटलंही, ते लपवत नाही. तहान लागलेली असताना पाणी मिळावं तसं गार वाटलं. पात कापून झाली तोवर ते गेलं होतं.

संध्याकाळी रेवती शाळेतून आली आणि नेहमीसारखी पायरीवर बसली. जिजी उठून आत गेल्या. जेवायला आबांनी तिला हाक मारली नाही. माझ्याबरोबर आत तिचं ताट वाढलं गेलं, आणि जिजींनी भाजी वरून वाढली, हात जरा दूर ठेवून. जेवणं झाल्यावर आबा यांना म्हणाले, "उद्या कार्यक्रम झाला की त्या बाईंची सोय शाळेत करा. आपल्याकडं कांद्याची गडबड हाय."

रेवतीबाई आता 'त्या बाई' झाल्या होत्या. ती माझ्या शेजारीच उभी होती आणि तिनं ते ऐकलं. चेहरा बदलला नाही. अशा गोष्टींची तिला सवय असावी. आत जाऊन ती आपलं गाठोडं बांधायला लागली. मी दारात उभी राहिले. काहीतरी बोलावं म्हणून म्हणाले, "जिजी जुन्या वळणाच्या आहेत."

तिनं वर पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"माझं काय वहिनी," ती म्हणाली, "मी सोमवारी जाणारच होते. तुम्हाला इथं राहायचंय."

त्या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी अर्धाच कळला. पुढे मी मुलीच्या शाळेसाठी भांडले, तीन वर्षांनी बालवाडीत गेले, स्कूटी शिकले, तेव्हा प्रत्येक वेळी थोडाथोडा कळत गेला. तिच्यासाठी बंद झालेलं दार मी स्वतःच्या हातानं लावलं होतं, आणि आतल्या बाजूला मीच होते.

रविवारी सगळा गाव मैदानात लोटला होता. मधोमध चुन्याच्या फक्कीनं मोठी फुली काढलेली. आबा आणि जिजी आले नाहीत. मी यांच्याबरोबर गेले. विमान आलं. ठिपके सुटले. माणसं माना वर करून उभी होती आणि मी एका पिवळ्या छत्रीकडे बघत मनात म्हणत होते, वारा येऊ दे. तिचं काही वाईट व्हावं असं नव्हतं मनात. निदान मी तरी स्वतःला तसं सांगत होते. फक्त ती फुलीवर उतरू नये. काटेरी कुंपणात पडावी, लोकांनी हसावं, जसे माझ्यावर हसले.

वारा आला नाही. ती बरोबर फुलीवर उतरली. फक्कीचा पांढरा ढग उडाला आणि मैदानात असा गजर झाला की झाडावरचे पक्षी उठले. शाळेतल्या मुली धावत जाऊन तिला बिलगल्या. मी तिथूनच मागे फिरले. तिला निरोप दिला नाही. दुसऱ्या दिवशी जीप गेली, ती मळ्याच्या रस्त्यानं नव्हतीच.

त्यानंतर तिचं काही कळलं नाही. यांनी एकदा उस्तादांना शाळेतर्फे आभाराचं पत्र पाठवलं, त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. मीही एक पत्र लिहिलं होतं. पत्ता यांच्याकडेच होता. ते टाकलं नाही. क्षमा मागायची तर मी काय केलं ते कागदावर मांडावं लागलं असतं, आणि ते वाचायला मलाच धीर नव्हता.

आबांना जाऊन सहा वर्षं झाली. जिजी आता सत्तरीपुढच्या. गुडघे धरतात, पण कांदा काढणीला घरात बसवत नाही. ह्या वर्षीही कडुनिंबाखाली पोतं अंथरून बसतात. आम्ही दोघी साठवणीच्या चाळीत भरायचा कांदा निवडतो. जोड कांदा बाजूला, फुलाचा दांडा आलेला डेंगळ्या बाजूला. परवा असंच बसलो होतो आणि खूप उंचावरून एक विमान गेलं. आवाज नाही, नुसती पांढरी रेघ. जिजींनी कपाळावर हात धरून पाहिलं.

"ती पोरगी," त्या म्हणाल्या. "रेवती. कुठं असंल?"

एवढ्या वर्षांत ते नाव घरात निघालं नव्हतं. माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. "जिजी," मी म्हणाले, "मी तुम्हाला ते सांगायला नको होतं."

"मले माहीत शे तू कशापायी सांगितलं," जिजी शांतपणे म्हणाल्या. "जळत होतीस. मी पाहत होते ना तुझं तोंड."

"मग तुम्ही तिच्याशी तशा का वागलात?"

जिजींनी हातातल्या कांद्याची साल बोटानं चोळून काढली. "कारण तू बोललीस आणि मले बरं वाटलं. तिच्या डोक्याले तेल लावत होते, तवा मनात एकच चाले, ही कशी हिंडते आणि मी का नाही. माया पण होती आणि ते पण होतं. तू सांगितलं तवा वाटलं, चला, हिच्यात खोट शे. आपण बऱ्या." त्यांनी कांदा ढिगात टाकला. "तुझं एकटीचं पाप नाही ते."

दोन वर्षं ज्यांच्या धाकात काढली, पुढे इतकी वर्षं ज्यांच्याशी कधी भांडत, कधी जुळवून घेत राहिले, त्या बाईच्या पोटात तेच होतं जे माझ्या पोटात होतं. मी विचारलं, "तुम्हाला कुठे जायचं होतं, जिजी?"

मला वाटलं काशी म्हणतील, रामेश्वर म्हणतील. निदान समुद्र. त्यांनी समोरच्या रस्त्याकडे पाहिलं.

"देवळ्याच्या बाजारात," त्या म्हणाल्या. "एकटीनं."

बाजार आमच्या मळ्यापासून पायी वीस मिनिटांवर आहे. जिजी ह्या घरात येऊन पंचावन्न वर्षं झाली. मी आठवून पाहिलं. आबांबरोबर, यांच्याबरोबर, माझ्याबरोबर, लग्नाच्या खरेदीला दहा बायकांबरोबर. एकटीनं, खरंच, कधी नाही.

बाजाराच्या दिवशी मी रिक्षा बोलावून आणली. जिजी धुवट नऊवारी नेसल्या, त्यांनी पिशवी घेतली. "येऊ का बरोबर?" हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता, तो मी गिळला. त्या गेल्या. दहाला गेलेल्या बाई एक वाजला तरी आल्या नाहीत. हे दोनदा रस्त्यावर जाऊन आले, माझ्यावर चिडले. दीड वाजता रिक्षा आली. जिजी उतरल्या. पिशवी रिकामी होती.

"काय आणलं?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग एवढा वेळ काय केलंत?"

"फिरले," जिजी म्हणाल्या, आणि चप्पल काढून आत गेल्या. तोंडावर ऊन लागलेलं होतं आणि त्या मनाशीच हसत होत्या. कुठे फिरल्या, कोण भेटलं, काय खाल्लं, काही म्हणजे काही सांगितलं नाही. जेवतानाही नाही. ते साडेतीन तास त्यांनी एकटीसाठी ठेवून घेतले.

मी त्यांना ताट वाढत होते. आता मीही चाळिशी ओलांडली आहे, शहाणी झाले असं मला वाटत होतं. पण त्यांचं ते हसू मी चोरून पुन्हा पुन्हा बघत राहिले. मला जिजींचा हेवा वाटला. अगदी रेवतीचा वाटला होता तसाच.

फक्त ह्या वेळी मी ताटात भाकरी वाढली, तुपाची धार धरली, आणि तोंडातून शब्द काढला नाही.